‘ती मजा नाही’ म्हणणाऱ्यांना

भांडण उकरून काढायला दिवाळी हा काही चांगला मुहूर्त नव्हे, हे मला कळते. चकलीचा तुकडा मोडीत, पाय पसरून वाचक अंक उघडतो तो चार घटका बऱ्या जाव्यात म्हणून. कोणा म्हाताऱ्या पायपेटीवाल्याची तक्रार ऐकायला नव्हे. पण संपादकांनी मजकूर मागितला आणि गेले दहा महिने पोटात जे साचून राहिले होते तेच कागदावर उतरले. त्याला माझा इलाज नाही.

गोष्ट आमच्या गावच्या ‘सौभद्रा’ची आहे. गाव कृष्णाकाठचे, तालुक्याचे. १९७८ साली आम्ही दहाबारा हौशी मंडळींनी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ बसवले आणि १९९१ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, जमेल तसे, जमेल तिथे करीत राहिलो. अर्जुन साखर कारखान्यात कारकून होता, बलराम पोस्टात, नारद शाळेत चित्रकला शिकवीत आणि श्रीकृष्णाचे बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान. सुभद्रेचे काम करणाऱ्या बाई शिवणाचा क्लास चालवीत. त्यांना सारे गाव तेव्हापासून आजतागायत ताईच म्हणते. मी पायपेटीवर. टेंपोत पडद्यांच्या वळकट्यांवर बसून आम्ही जत्रांना गेलो, गणपतीत गेलो, एकदा तर गोव्यात देवळापुढच्या मांडवात पहाटे तीनपर्यंत नाटक केले. मग बलरामांची बदली झाली, अर्जुनाच्या घशाने दगा दिला, आणि नाटक थांबले. आमचे श्रीकृष्ण २००९ साली खरोखरीच निजधामास गेले.

गेल्या मार्गशीर्षात गावातल्या काही तरुण पोरांच्या मनात आले की, ही सगळी म्हातारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांना एकदा एकत्र आणावे आणि ‘सौभद्रा’तली पदे त्यांच्या तोंडून ऐकावी. नाटक नाही, फक्त पदे. मध्ये एक निवेदक. गाद्या, लोड, दोन समया, मागे एका जुन्या प्रयोगाचा मोठा केलेला फोटो. पोरांची कल्पना मनापासूनची होती आणि आम्हा म्हाताऱ्यांना तरी दुसरे काय हवे असते? नागपूरहून बलराम आले, पुण्याहून नारद आले. श्रीकृष्णांच्या जागी त्यांचा मुलगा बसला. तो शाळेत मास्तर आहे, बेचाळीस वर्षांचा. बापाच्या मांडीवर बसून त्याने ही पदे ऐकलेली.

सभागृह साडेसहाशे खुर्च्यांचे. दोनशे रुपये तिकीट. तीन दिवस आधीच बाहेर ‘जागा शिल्लक नाही’ची पाटी लागली. त्या रात्री लोक भिंतीला टेकून उभे होते. पडदा वर गेला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला पायपेटीचा पहिला सूरच ऐकू आला नाही. माझे डोळे भरून आले होते हे लपवून काय करू?

आणि मग रसिक बोलायला लागले.

मध्यंतरात वड्यांच्या गाडीपाशी मी उभा होतो. पेटीवाल्याला कोणी ओळखत नाही हा एक मोठा फायदा असतो. “मजा नाही हो पूर्वीची,” पहिला म्हणाला. “पोरगा बरा गातो, पण बापाची सर नाही,” दुसरा. तिसऱ्याकडे आमच्याच एका जुन्या प्रयोगाची कॅसेट होती. त्याचे म्हणणे असे की अर्जुनाने आज एक जागा वेगळी घेतली, कॅसेटमध्ये ती तशी नाही, म्हणजे चुकली. चौथ्याने खिशातून फोन काढून ताईंची एक तान लोकांना ऐकवली. ती वरच्या षड्जाला जाता जाता फाटली होती. हसले सगळे. दुसऱ्या दिवशी ती तान व्हॉट्सॲपवर साऱ्या तालुक्यात फिरली, तोंडाला हात लावून हसणाऱ्या चेहऱ्यांसकट. ताईंचे वय त्या वेळी बहात्तर. दुसऱ्या रांगेतून कोणीतरी “आता बास करा म्हणावं!” असे जे म्हणाले, ते त्यांना गाताना ऐकू आले होते, पेटीवरून मलाही ऐकू आले.

यावर कळस म्हणून आठवड्याने इथल्या एका वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांत एक पत्र आले. लिहिणारे गावातले मानलेले जाणकार. नाव घेत नाही. त्यांच्याशी माझे वैर नाही, त्यांच्या पत्राशी आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हा कार्यक्रम म्हणजे आमच्या आठवणींची विटंबना होती. जे सोने होऊन गेले ते तसेच ठेवायला हवे होते. आणि संगीत नाटकाचा काळ संपला हे या थकलेल्या गळ्यांनी सिद्ध केले.

या शेवटल्या वाक्याने माझी झोप उडवली. त्याचा समाचार घेण्यासाठीच हा खटाटोप.

आता ‘पूर्वीची मजा’ ही काय चीज आहे ते आधी पाहू. ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर. त्यांच्या आवाजाच्या दंतकथा आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. पण तो आवाज कोणीही पुन्हा ऐकू शकत नाही. भाऊराव १९०१ साली गेले आणि आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली. एका वर्षाने चुकामूक झाली! पुढे १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा कोवळा मुलगा आला, तेव्हा पिटातल्या जुन्या मंडळींनी “भाऊरावांची मजा नाही” असा उसासा टाकला नसेल असे मला कोणी शपथेवर सांगितले तरी पटायचे नाही. त्या मुलाचे पुढे बालगंधर्व झाले. मग त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर बालगंधर्वांच्या आठवणीचा हातोडा बसला. खुद्द बालगंधर्वांच्याही डोक्यावर बसला! साठीच्या घरात, शरीर थकलेले असताना ते लुगडे नेसून उभे राहत, तेव्हा त्यांच्याकडे पाहणाऱ्यांपैकी कितीजण समोरच्या बालगंधर्वांना पाहत होते आणि कितीजण १९११ च्या भामिनीला शोधत होते? आपल्या रसिकाची ही जुनी खोड आहे. जो समोर गातो आहे त्याला तो कालच्याच्या फूटपट्टीने मोजतो, आणि तो मेला की त्याचीच फूटपट्टी करून पुढच्याला मारतो. आमच्या श्रीकृष्णांना १९८० साली “अमक्याची सर नाही” म्हणणारे लोक याच गावात होते. त्यांतल्याच एकाने परवा मुलाला “बापाची सर नाही” म्हणून सांगितले.

आणि ती ‘असल’ चाल, कॅसेटमधली, तबकडीवरची! जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगभूमीवर जे पद पंधरा-पंधरा मिनिटे चाले, ज्याला वन्स मोअरवर वन्स मोअर पडत आणि प्रत्येक वेळी गाणारा वेगळ्या अंगाने जाई, ते पद कातरून, तान आखडून, घाईघाईने त्या सव्वातीन मिनिटांत बसवलेले असे. त्याने उपकारच केले. ते नसते तर आपल्या हाती काहीच राहिले नसते. पण ते रंगभूमीवरचे गाणे नव्हते. आज आपण त्या कातरलेल्या कापडालाच अखंड धोतर समजतो आणि कोणी एक जागा वेगळी घेतली की “चुकला!” म्हणून ओरडतो. ज्या काळाचे आपण गोडवे गातो, त्या काळी तीच जागा पुन्हा तशीच घेतली असती तर पिटातून “नवं काही काढा!” अशी हाक आली असती.

पण हे सगळे गळ्याबद्दल झाले. माझे खरे भांडण त्याहून मोठे आहे.

त्या रात्री पहिल्या रांगेत एक आजोबा नातीला घेऊन बसले होते. मुलगी सातआठ वर्षांची. ताई सुभद्रेचे विरहाचे पद गात होत्या. मुलीने आजोबांची बाही ओढून विचारले, “आजोबा, ती का रडतेय?” आजोबा म्हणाले, “गप. तान ऐक.”

ती मुलगी त्या साडेसहाशेंतली एकमेव खरी प्रेक्षक होती, असे माझे ठाम मत आहे. तिने नाटक विचारले. सुभद्रा का रडते? कारण तिचे मन अर्जुनावर आहे आणि थोरल्या भावाने, बलरामाने, तिला दुर्योधनाला देऊ केले आहे. अर्जुन दूर तीर्थयात्रेला. धाकटा भाऊ श्रीकृष्ण तोंडाने थोरल्याला ‘हो दादा’ म्हणतो आणि आतून निराळेच सूत्र हलवतो. अर्जुन संन्याशाचे सोंग घेऊन रैवतक पर्वतावर येऊन बसतो. भोळासांब बलराम त्या ढोंगी यतीच्या पाया पडतो, त्याला मोठ्या मानाने घरी आणतो आणि त्याच्या सेवेला कोणाला नेमतो? आपल्या बहिणीला! यात पुराण किती आहे? हे तर आपल्या घरातले लग्न आहे. थोरल्याचा हट्ट, धाकट्याची चलाखी, आणि लग्नाच्या मुलीला कोणी काही विचारीत नाही. किर्लोस्करांनी द्वारका दाखवली पण आत वाडा आपलाच ठेवला, म्हणून तर हे नाटक इतकी वर्षे टिकले. यातली पदे शंभराहून अधिक होती हे खरे, पण ती या गोष्टीच्या दोरीवर ओवलेली होती. आपण काय केले? दोरी ओढून काढली, मणी ताटात घेतले, आणि आता म्हणतो, माळ पूर्वीसारखी दिसत नाही.

यावर जाणकार म्हणतील की, जुने नामवंत एकत्र येऊन गात नव्हते काय? ‘संयुक्त मानापमान’ काय होते? बरे झाले विचारलेत. ८ जुलै १९२१, मुंबईचे बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, एकमेकींशी चुरस असलेल्या दोन कंपन्या, त्या रात्री एक झाल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तिकिटांचे दर ऐकूनच सामान्य माणसाने कपाळाला हात लावावा असे. लोक दोन तटांत विभागून, श्वास रोखून बसले होते. कोणी बाजी मारली यावर आज शंभर वर्षे उलटून गेली तरी वाद संपलेला नाही. त्या वादात भाग घेणाऱ्या कोणीही तो प्रयोग पाहिलेला नसतो, ही त्यातली गंमत. पण माझा मुद्दा असा की, त्या रात्री या दोघांनी लोडाला टेकून पदे म्हटली नाहीत. त्यांनी नाटक केले! खाडिलकरांचे गद्य बोलले. धैर्यधराचा स्वाभिमान, श्रीमंत बापाच्या मुलीची घमेंड, लक्ष्मीधराची भित्री बढाई, हे सगळे तिथे होते. गोविंदराव टेंब्यांच्या चाली त्या रागलोभातून उगवत होत्या. केशवराव त्यानंतर तीन महिनेही जगले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, एकतिसाव्या वर्षी, विषमज्वराने गेले. लोकांना तो धैर्यधर आठवत राहिला तो केवळ गळ्यासाठी नव्हे.

केशवरावांचे नाव निघालेच आहे तर आणखी एक सल सांगून टाकतो. कोल्हापूरला शाहूमहाराजांच्या कारकिर्दीत, १९१५ साली उभे राहिलेले नाट्यगृह पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती! सारा महाराष्ट्र हळहळला. मोठमोठी माणसे तिथे उभी राहून रडली. मीही रडलो, त्या रंगमंचावर १९८४ साली माझी पायपेटी वाजली होती. पण घरी परत येताना एसटीत माझ्या मनात एक वाकडा प्रश्न आला आणि तो अजून जात नाही. आज रडणाऱ्यांपैकी प्रत्येकाने मागल्या पाच वर्षांत एका, फक्त एका, संगीत नाटकाचे तिकीट काढले असते तर?

२२ जानेवारी २०२२ रोजी कीर्ती शिलेदार गेल्या, तेव्हाही हेच झाले. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि त्या एका कुटुंबाने, दोन पिढ्या, पदराला खार लावून ही नाटके उभीच्या उभी, वेशभूषेसकट, संवादांसकट जिवंत ठेवली. गेल्यावर श्रद्धांजलीचे रकाने भरभरून आले. त्या हयात असताना अर्ध्या रिकाम्या सभागृहात गायल्या असतील त्या रात्री हे रकाने लिहिणारे कोठे होते? कदाचित कुठल्याशा ‘नाट्यगीतांच्या सुरेल संध्याकाळी’. कारण ती सोपी असते. नाटकाला पडदे लागतात, टोप लागतात, रंगभूषाकार लागतो, वीस माणसांची दोन महिने तालीम लागते, टेंपो लागतो. मैफलीला एक सतरंजी आणि दोन ध्वनिक्षेपक. आयोजक काही मूर्ख नाही. तुम्ही ज्याला गर्दी करता तेच तो करतो.

कोणी म्हणेल, ‘कट्यार’चे काय? ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली आले तेव्हा वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांनी महाराष्ट्राला वेड लावले. पुढे कित्येक वर्षांनी त्यांचा नातू राहुल त्याच भूमिकेत उभा राहिला तेव्हाही कितीएक रसिक हाताची घडी घालून, कानात आजोबा घेऊन बसले होते. मी त्यांतला एक होतो, खोटे का बोलू? अर्धा अंक मी तुलनेत घालवला आणि मग नाटकाने मला मानगूट धरून आत ओढले. त्याचे श्रेय अभिषेकीबुवांच्या चालींना आहेच, पण तेवढेच दारव्हेकरांच्या नाटकाला आहे. दोन घराणी, एक हरलेला गवई, एक जिंकूनही न जिंकलेला. २०१५ साली त्यावर चित्रपट आला आणि पोरेटोरे खाँसाहेबांची पदे गुणगुणू लागली. मला आनंद झाला. त्या वर्षी आम्हाला वाटले, आता संगीत नाटकाला दिवस येणार. लोकांनी पदे फोनमध्ये भरून घेतली आणि संपले.

आता मी ज्यासाठी लेखणी उचलली ते सांगतो. मैफलीला जी गर्दी झाली तिने आम्ही शेफारलो. ताई म्हणाल्या, “अरे, एवढे लोक आहेत तर आपण नाटकच करू. आपण नको, पोरं करतील. मी शिकवते.” औषधांच्या दुकानात काम करणारी बावीस वर्षांची एक मुलगी सुभद्रेला मिळाली, तिचा गळा हलका, पण समज अशी की ताई थक्क झाल्या. श्रीकृष्ण अर्थात दुकानदारांचा मुलगा. अर्जुन रिक्षा चालवतो आणि भजनी मंडळात गातो. अडीच तासांची रंगावृत्ती केली, पदे वीसवर आणली. मी त्यावर बरेच कुरकुरलो, पण पोरांचे बरोबर होते. तीन महिने रोज रात्री नऊ ते बारा तालीम. फाल्गुनात प्रयोग लावला. तेच सभागृह, तिकीट शंभर रुपये, म्हणजे मैफलीच्या निम्मे.

एकाहत्तर तिकिटे गेली.

साडेसहाशे खुर्च्यांत एकाहत्तर माणसे कशी दिसतात हे ज्याने रंगमंचावरून पाहिले नाही त्याला ते सांगून कळायचे नाही. पडदा वर जायच्या आधी फटीतून त्या मुलीने एकदा बाहेर पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, सुरू करायचं ना?” मी भाता मारला. दुसरे काय करणार?

आणि मंडळी, काय प्रयोग झाला! बलराम यतीच्या पाया पडला आणि श्रीकृष्णाने हळूच मान फिरवली, तेव्हा त्या एकाहत्तर माणसांचा जो हशा उठला तसा हशा मी आमच्या तेरा वर्षांत ऐकला नव्हता. मुलगा बापासारखा गायला नाही. तो निराळाच श्रीकृष्ण होता, जरा थकलेला, घरातल्या भांडणांना कंटाळलेला, तरी डोळ्यांत खट्याळ. बाप गात छान. पण संवाद आला की त्यांना घाई होई, पुढच्या पदाची. मला हे लिहायला जड जाते, पण खरे आहे. आणि सुभद्रा रडली तेव्हा ती का रडते हे कोणाला विचारावे लागले नाही. पद संपले तरी टाळी पडायला वेळ लागला. पेटीवाल्याला विचारा, त्या तेवढ्या शांततेसाठी तो जन्मभर भाता मारीत असतो.

पत्र लिहिणारे जाणकार आले नव्हते. कॅसेटवाले आले नव्हते. तान फिरवणारे आले नव्हते. आमच्या एका जुन्या चाहत्याला मी दुसऱ्या दिवशी बाजारात गाठले. मैफलीला ते पहिल्या रांगेत होते. म्हणाले, “अहो, नव्या पोरांचं काय पाहायचं? तुम्ही मंडळी पुन्हा बसाल तेव्हा सांगा.” ज्यांनी मार्गशीर्षात आमचे गळे थकले म्हणून नाके मुरडली, त्यांनाच फाल्गुनात ताजे गळे नको झाले! मग यांना हवे तरी काय? ताईंना हे सांगितले तेव्हा शिवणयंत्रावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, “त्यांनी तिकीट माझ्या १९८० च्या आवाजाचं काढलं होतं. तो मी कुठून आणू? आणि या पोरीचा आजचा आवाज त्यांना फुकट दिला तरी नकोय.” ताई चिडल्या नव्हत्या. त्या कधीच चिडत नाहीत. म्हणून चिडण्याचे काम मी अंगावर घेतले आहे.

माझेही हात स्वच्छ नाहीत, हे कबूल करतो. १९८० च्या सुमारास बलराम-श्रीकृष्णाचा लांबलचक गद्य प्रवेश आला की, पेटीवर काम नाही म्हणून मी मागच्या दाराने चहाला जात असे. तेरा वर्षांत तो प्रवेश मी पुरता पाहिला नव्हता. फाल्गुनात पहिल्यांदा पाहिला, कारण मधुमेहामुळे आता चहा बंद आहे. नाटकातला सगळ्यात खमंग प्रवेश तो! पदांपुरते नाटक ही खोड आम्हा गाण्यावाल्यांनीच लोकांना लावली, हे मान्य करूनच मी बोलतो आहे.

आणि काळ संपला म्हणता? रत्नागिरीला ‘खल्वायन’ची मंडळी संगीत नाटक करतात, पुण्याला भरत नाट्य मंदिरात ती होतात, राज्याच्या स्पर्धेत होतात, गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धेत गावोगावची पोरे पदरमोड करून उतरतात. १९६० च्या आधीही लोक म्हणतच होते की संगीत नाटक संपले. मग विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ आले, १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आले, ‘कट्यार’ आली. मरणाची बातमी देणारे तेव्हाही जाणकारच होते. तेव्हाचे लोक मात्र तिकीट काढून नवे नाटक पाहायला गेले, एवढाच काय तो फरक.

जुन्यांना जपू नका असे मी म्हणत नाही. त्या मैफलीत लोकांनी आम्हाला जे प्रेम दिले ते खोटे नव्हते. कार्यक्रमानंतर एक अनोळखी बाई ताईंच्या गळ्यात पडून हमसून रडल्या, त्यांच्या लग्नाच्या आदल्या रात्री त्यांनी आमचे ‘सौभद्र’ पाहिले होते म्हणे. ते मी विसरणार नाही. पण त्या बाई फाल्गुनातही आल्या होत्या. सुनेला घेऊन, चौथ्या रांगेत. एकाहत्तरांतल्या दोन त्या.

येत्या पौषात आम्ही पुन्हा प्रयोग लावीत आहोत. पोरे म्हणतात, मध्ये जुन्या मंडळींचा सत्कार ठेवू, म्हणजे गर्दी होईल. मी आणि ताईंनी नको म्हणून सांगितले आहे. तिकीट शंभरच. त्या पहिल्या रांगेतल्या आजोबांचे घर मला ठाऊक आहे. नातीसाठी एक तिकीट मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि आजोबांकडून त्यांच्या तिकिटाचे पैसे घेणार आहे. पायपेटीच्या भात्याला उंदराने भोक पाडले होते, तो मिरजेला दुरुस्तीला दिला आहे; तुळशीच्या लग्नापर्यंत देतो म्हणाले आहेत.